दगडाची होत चाललेली सोनकी

लांब डोंगरापलीकडे एक राजा राहत होता, बरं का. त्याची राणी भागाई धनगराची लेक होती. त्यांना मुलगी झाली, तिचं नाव सोनकी. सोनकी पाळण्यात असतानाच भागाई तापानं गेली. राजा खांबाला टेकून बसला तो बसलाच.

मग त्याच्या मनानं घेतलं, 'माझं झालं ते माझ्या लेकीचं व्हायला नको. तिला कुणाचा लळाच नको.' त्यानं हुकूम काढला. सोनकीला रोज नवी दाई. दिवस मावळला की घंटा वाजायची. दाईनं पोर खाली ठेवायची आणि निघून जायचं. परत यायचं नाही.

सुरुवातीला सोनकी फार रडली. दाराकडे बघून बघून रडली. मग थांबली. कुणीही उचला, कुणीही ठेवा, तोंडातून आवाज म्हणून नाही. सगळे म्हणाले, "किती गुणी पोर!"

आणि त्याच दिवशी तिच्या पायाची बोटं दगडाची झाली.

मग घोटे झाले, मग गुडघे, मग कंबर. वैद्यानं तेल चोळलं. देवऋषीनं अंगारा लावला. सोनारानं सोन्याचा खुळखुळा आणला. दगड काही हटेना. वैद्य म्हणाला, "काळजापर्यंत पोचला की संपलं."

ही बातमी गेली भागाईच्या धाकट्या भावाकडे, सिदूकडे. सिदू रानात मेंढरं राखायचा. बहीण गेल्यापासून त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. बातमी ऐकली आणि मेंढरं बापाच्या अंगावर टाकून तो तसाच अनवाणी पळत सुटला. "ताई गेली. तिची पोर मी जाऊ देणार नाही." वाटभर एवढंच म्हणत होता.

राजा म्हणाला, "बस तिच्यापाशी. पण घंटा वाजली की निघायचं."

सिदूला धनगराची एक युक्ती ठाऊक होती. पोरकं कोकरू मेंढी जवळ घेत नाही. मग तिच्या मेलेल्या कोकराची कातडी त्याच्या अंगावर घालतात. मेंढी वास घेते आणि त्याला पाजते. सिदूनं काय केलं? बहिणीचं लुगडं पेटीतून काढलं आणि स्वतःलाच गुंडाळलं! वर बारीक आवाजात अंगाई म्हणायला लागला. पहारेकरी पोट धरून हसले. सिदूला मात्र लुगड्याला ताईचा वास आला. सोनकीला उराशी धरून तो ताईला हाका मारत राहिला. सोनकी छताकडे बघत होती. दगड बेंबीपर्यंत चढला.

मग त्यानं अंगणात कोकरं आणली, घुंगरू वाजवले, कोलांट्या मारल्या. सोनकीनं मान फिरवली. दगड बरगडीला लागला.

मग सिदू घाबरला. त्यानं लुगडं काढून टाकलं. आता राहिला मेंढरांच्या वासाचा, धुळीनं भरलेला सिदू. तो पोरीपुढे मांडी घालून बसला. पहिल्यांदाच त्यानं तिच्याकडे नीट बघितलं. डोळे ताईचे नव्हते. पोरीचे स्वतःचे होते.

"हे बघ, मी तुझी आई नाही," तो म्हणाला. "मी सिदू. तुझा मामा. मी आता हलत नाही."

तेवढ्यात घंटा वाजली. पहारेकऱ्यांनी ओढलं. सिदूनं पाळण्याचा पाय असा धरला की सिदूबरोबर पाळणाही फरफटायला लागला.

राजा धावत आला. "सिदू, सोड!"

"नाही सोडत, दाजी."

"उद्या तुलाच काही झालं तर? तिनं परत तेच सोसायचं?"

"मग रडेल की. रडू दे. आज ती कुणासाठी रडतच नाही, ते बघा ना!"

 राजानं पहारेकऱ्यांना सोडायची खूण केली आणि मागे वळला.

मग सिदू राहिला. भूक लागली की भरवायचा, ओली झाली की बदलायचा. तिनं खुळखुळा फेकला की उचलून द्यायचा. ती परत फेकायची, तो परत द्यायचा. ती काही हसली नाही. सिदूला कधी कधी असा राग यायचा की भिंतीवर डोकं आपटावं. पण दगड होता तिथंच थांबला होता, बरं का. तेवढं बघून तो परत खुळखुळा उचलायचा.

एका सकाळी तो दूध आणायला उठला. दाराबाहेर पाऊल टाकलं, आणि मागून अशी किंकाळी आली की सगळा वाडा गोळा झाला.

सोनकी रडत होती! तोंड लाल, मुठी आवळलेल्या.

"माझ्या गुणी पोरीला रडवलंस?" राजा ओरडला.

"रडवलं नाही, दाजी. ती मला बोलावतेय!" सिदू पळत आत आला. सोनकीनं त्याचा कान धरला आणि असा पिळला की त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. आणि दगड बरगडीवरून खाली सरकला.

मग सिदू जाताना सांगून जायला लागला. "दूध घेऊन येतो." आणि यायचा. "पाणी घेऊन येतो." आणि यायचा. तो आला की दगड थोडा उतरायचा. पण गुडघ्यांशी येऊन अडला.

सिदूनं विचार केला आणि सोनकीला उचलून सरळ राजाच्या मांडीवर ठेवलं. तिनं टाहो फोडला. राजा दचकला. "घे बाबा, घे हिला."

"घेणार नाही. तुमची लेक आहे, धरा."

"तिला मी नको आहे, सिदू."

"कशा हवे असाल? कधी बसलात का? आता बसा."

राजानं दात आवळले आणि पोर धरली. ती रडली, तो हलला नाही. तिनं ओरबाडलं, तो हलला नाही. मग तोच रडायला लागला, भागाईचं नाव घेऊन. सोनकी गप्प झाली. बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग त्याच्या छातीवर डोकं टाकून झोपली. ती उठली तेव्हा पाय लोण्यासारखे मऊ होते.

राजानं घंटा उतरवून ठेवली. सिदू मेंढरांकडे गेला, पण येईन म्हणाला त्या दिवशी आलाच. सोनकी चालायला लागली. पोरांत खेळायला गेली, पडली, रडली, बापाकडे धावत आली. मांडीवर जरा टेकली आणि डोळे पुसून परत खेळायला पळाली. राजा तिथंच बसून राहिला. ती परत येणार हे त्याला ठाऊक होतं.

असे ते सुखात राहिले. आता डोळे मिटा. मी इथंच आहे, कुठे जात नाही.