फ्रिजमधले अर्जदार

निवृत्त तहसीलदार अप्पासाहेब खांबेटे यांनी नोकरीत मुदतीनंतर आलेला एकही अर्ज घेतला नव्हता, आणि हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. त्यांच्या फ्रिजमध्ये मात्र दोन वर्षांपूर्वीचं श्रीखंड नांदत होतं. सून रेवतीने काही टाकायला काढलं की ते गरजत, "तारखा हे कंपन्यांचं थोतांड! ठेव आत." परवा तसलंच चीज खाऊन दोन दिवस सलाइनवर होते, तरी तेच.

त्या दुपारी अप्पा झोपाळ्यावर पेंगत होते. कड्या कुरकुरत होत्या, सोनचाफा दरवळत होता, आणि अप्पा झोपेतच पुन्हा कचेरीत पोचले होते. रेवती हळूच म्हणाली, "साहेब, अर्जदार आलेत."

"मुदत?" अप्पांनी डोळे मिटूनच विचारलं.

"श्रीखंड. गेल्याच्या गेल्या होळीला संपली."

"फेटाळा."

"जॅम. गणपतीत संपली."

"फेटाळा."

असे अकरा अर्जदार झोपाळ्यापुढून तरंगत गेले, ते थेट कचऱ्याच्या गाडीत.

जागे झाल्यावर अप्पांनी फ्रिज उघडला आणि घर डोक्यावर घेतलं. "कोणाच्या हुकमाने?"

"तुमच्याच, अप्पा. एका दिवसाच्या उशिरासाठी तुम्ही माणसं परत पाठवलीत. श्रीखंडाला दोन वर्षं सवलत कशी द्यायची?"

अप्पा आत उरलेल्या एकुलत्या एका बरणीकडे बोट दाखवून पुटपुटले, "ही कशी सुटली?"

"आईंनी जाण्यापूर्वी घातलेलं लिंबाचं लोणचं आहे ते. त्याच्यावर तारीखच नाही."