बयजाबाईचा पिवळा दाणा

फार पूर्वी, डोंगरातले धुके एकदा उतरले की आठ-आठ दिवस हटत नसे, त्या काळी घळवाडी नावाचे एक गाव होते. गावात हैबती नावाचा विणकर राहत असे. त्याची आई बयजाबाई मात्र गावात राहत नसे. वरच्या माळावर, जंगलाच्या तोंडाशी तिची झोपडी होती. नवरा गेल्यापासून ती तिथे एकटीच असे.

बयजाबाई झाडपाल्याचे औषध देई. कोणत्या उतारावर कोणती मुळी मिळते, कोणत्या झाडाची साल कधी काढायची आणि कोणत्या झाडाला हातच लावायचा नाही, हे तिला पाठ होते. दिवसभर ती रानात हिंडे आणि तिन्हीसांजेला परत येई.

त्याच वेळी हैबती माग थांबवून माळ चढून येई. झोपडीच्या अलीकडूनच हाक मारी, "आई, आलीस का गं?" आतून "आले रे" असे उत्तर आले की उंबऱ्यावर टेके. ती त्याला गरम भाकरी देई आणि आज कुठे गेले होते, काय सापडले, ते सांगे. तो पोरांचे सांगे. घटकाभराने तो खाली उतरे. वर्षानुवर्षे हे असेच चालले होते.

एका भाद्रपदात हैबतीने हाक मारली आणि आतून उत्तर आले नाही. बाहेर दाट धुके पडले होते. दोन दिवस गाव ढोल वाजवत रानात फिरले. तिसऱ्या दिवशी धुके विरळ झाले आणि बयजाबाई आपली आपण लंगडत घरी आली. तिचा पाय मुरगळला होता, म्हणून ती एका कपारीत बसून राहिली होती.

"अरे, धुक्यात चालायचं नसतं. बसून राहायचं असतं," ती म्हणाली. "मला का रान नवं आहे?"

पण हैबतीच्या मनातली भीती काही गेली नाही. मागावर बसला की त्याचे हात थरथरत आणि धागा तुटे.

अशातच गावात एक परदेशी कारागीर आला. त्याच्याजवळ तांब्याची एक मोठी परात होती. तिच्या तळाशी त्याने घळवाडी, माळ, रान, कडा, सगळे कोरून घेतले. वर पाणी ओतले आणि पाण्यावर रंगीत दाणे सोडले. मग त्याने तांदळाएवढा एक मणी काढला, पाटलांच्या म्हशीच्या मानेला बारीक चीर देऊन कातडीखाली सरकवला आणि म्हैस सोडून दिली. म्हैस ओढ्याकडे निघाली, तसा परातीतला काळा दाणाही ओढ्याकडे निघाला. लोकांनी तोंडात बोटे घातली.

पाटील म्हणाले, "दोन वर्षांत आपली दोन माणसं धुक्यात गेली. बयजाबाई थोडक्यात वाचली. आता प्रत्येकाने मणी घालून घ्यायचा. म्हणजे कुणी हरवणार नाही."

बयजाबाई गर्दीत मागे उभी होती. ती म्हणाली, "पाटील, म्हशीला विचारावं लागत नाही. माणसाला विचाराल की नाही?"

"विचारतोच आहे की," पाटील हसून म्हणाले. "ज्याला काही लपवायचं नाही, तो नाही कशाला म्हणेल?"

यानंतर नाही म्हणायला कुणाचीच जीभ रेटेना. एकेकाने हात पुढे केला. बयजाबाई तेवढी माळाकडे चालू लागली. हैबती तिच्या मागे धावला.

"आई, माझ्यासाठी घालून घे."

"मी कुठं जाते ते मी तुला रोज सांगते ना?"

"त्या दोन दिवसांत माझं काय झालं ते तुला माहीत नाही. माझे हात बघ, अजून थरथरतात."

तिने त्याचे हात पाहिले. मग काही न बोलता ती परत फिरली आणि कारागिरापुढे डावा हात धरला. त्याने कोपराच्या खाली चीर दिली, मणी सरकवला, वरून फडके बांधले. परातीत तिच्या नावाने पिवळा दाणा सोडला.

सुरुवातीचे काही दिवस हैबती पूर्वीसारखाच माळावर गेला. मग लग्नसराईचे काम आले. परात चावडीत ठेवलेली असे आणि चावडी त्याच्या घराशेजारीच होती. संध्याकाळी तो चावडीत डोकावे. पिवळा दाणा झोपडीवर असे. "पोचली आई," असे स्वतःशीच म्हणून तो मागावर परत येई. एक दिवस चुकला, मग आठवडा चुकला. पुढे जाणेच राहिले.

इकडे बयजाबाई रोज दुसरी भाकरी थापे आणि झाकून ठेवी. आज रानात काय पाहिले, ते आता कुणाला सांगायचे? एखादे वेळी ती आपल्या शेळीला सांगे. बोलता बोलता आपलाच आवाज ऐकून गप्प होई.

दुसरेही एक घडले. गावातल्या बायका पूर्वी आडवाटेने तिच्याकडे येत. सासरी सांगता येत नाही असे दुखणे तिच्याजवळ सांगत. आता त्या येईनाशा झाल्या. झोपडीवर एखादीचा दाणा दिसला की चावडीतले लोक विचारत, "ही का गेली होती तिकडे? हिला काय झालंय?" त्यापेक्षा दुखणे अंगावर काढलेले बरे, असे त्यांना वाटे.

दिवसचे दिवस माळावर माणूस फिरकेना. एके दिवशी दुपारी बयजाबाई उठली आणि कड्याच्या अगदी टोकाला जाऊन बसली. तिला तिथे काहीच काम नव्हते.

थोड्याच वेळात, परातीत दाणा कड्यावर दिसल्याचे कळून, हैबती धापा टाकत आला. पाय अनवाणी, अंगाला सूत चिकटलेले.

"आई! इथं काय करतेस?"

बयजाबाईचा चेहरा उजळला. "आलास? बस ना जरा."

"बसायला नाही आलो! माझा जीव गेला असता इथवर येता येता. असं पुन्हा करू नकोस."

तो तिला झोपडीपर्यंत सोडून आला आणि तसाच पाटलांकडे गेला. पाटलांनी परातीत माळाभोवती तांबडी रेघ ओढून घेतली. पिवळा दाणा रेघेपलीकडे गेला की शिंग वाजवायचे, असे ठरले. त्यानंतर बयजाबाई मुळ्या काढायला निघाली की खालून शिंग वाजे आणि दोन गडी येऊन उभे राहत. "चला, माघारी चला," ते म्हणत. ते काही वाईट बोलत नसत. तिला हाताला धरून हळूच आणत. चार वेळा असे झाल्यावर तिने रानात जाणे सोडले.

पिवळा दाणा आता जागचा हलत नसे. हैबती बायकोला म्हणाला, "आता बरं झालं. आई एका जागी स्वस्थ असते."

पुढल्या सालचा दसरा आला. हैबतीने आईसाठी स्वतःच्या मागावर हिरवे लुगडे विणले होते. ते आणि आपट्याची पाने घेऊन तो बऱ्याच दिवसांनी माळ चढला. निघताना त्याने परात पाहिली होती. दाणा झोपडीवरच होता. तरी जुन्या सवयीने त्याने हाक मारली, "आई, आहेस का गं?"

उत्तर आले नाही.

आत चूल गार होती. शेळीचा खुंटा रिकामा होता. कोनाड्यात एका वाटीत तो मणी पडलेला होता आणि वाटीच्या कडेला वाळलेले रक्त होते. शेजारी मुळ्या कापायचा चाकू धुऊन ठेवला होता.

हैबतीने चुलीतली राख चाचपली. चूल किती दिवसांची गार आहे, हेच त्याला कळेना. मागचे कित्येक दिवस त्याने रोज परात पाहिली होती आणि रोज "आई घरी आहे" असे म्हटले होते.

आता परातीचा काही उपयोग नव्हता. मणी धोतराच्या सोग्यात बांधून तो माणसांना विचारत निघाला. रेघ ओलांडताच खालून शिंग वाजले, तरी तो थांबला नाही. झऱ्यावर पाणी भरणारी बाई म्हणाली, "सहा दिवस झाले. हात बांधलेला होता, शेळी बरोबर होती. मला वाटलं, तुला ठाऊक असेल." रानातला एक गुराखी म्हणाला, "पलीकडच्या खोऱ्यात गेली. रडत होती का म्हणतोस? ते मला दुरून दिसलं नाही."

हैबती रात्रभर चालला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पलीकडच्या खोऱ्यात पोचला. तिथे कोळसा पाडणाऱ्यांची पाच-सहा खोपटी होती. एका खोपटापुढे बयजाबाई बाळंतिणीसाठी मुळी उगाळत बसली होती. डाव्या हाताची जखम अजून भरली नव्हती.

"आई, सांगून का नाही आलीस?"

"कुणाला सांगू?" ती म्हणाली. "तू परातीत बघत होतास."

"रोज बघत होतो गं! एक दिवस चुकलो नाही."

"हो ना," ती म्हणाली आणि मुळी उगाळू लागली.

हैबती तिच्यापुढे बसला. तो म्हणाला, "माझ्या घरी चल."

"पाटील वेशीच्या आत घेतील का मला? मणी काढला त्याने तो परत घातल्याशिवाय आत यायचं नाही, असा त्यांचा नियम आहे."

हैबतीने सोग्याची गाठ सोडली. मणी तळहातावर घेतला. बयजाबाईने मण्याकडे पाहिले, मग लेकाच्या तोंडाकडे पाहिले. त्याचे डोळे तांबारलेले होते, पाय ठेचाळलेले होते. तिने उगाळणे थांबवले आणि उजवा हात त्याच्यापुढे धरला.

"घाल बाबा. तुझ्या जिवाला स्वस्थता मिळत असेल तर घाल. मी नाही म्हणणार नाही."

हैबती त्या हाताकडे पाहत राहिला. हाडांवर नुसते कातडे उरले होते. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आले की पहिल्या वेळीसुद्धा आई हो म्हणाली नव्हती. ती फक्त नाही म्हणाली नव्हती.

त्याने मणी दगडावर ठेवला आणि दुसऱ्या दगडाने ठेचला. मग विचारले, "आई, तुझ्या मनात काय आहे?"

बयजाबाईने मुळी बाजूला ठेवली. हे तिला कुणी विचारून फार दिवस झाले होते.

"मला इथं राहायचंय," ती म्हणाली. "इथली माणसं रानात जाताना मला हाक मारतात. परत यायला उशीर झाला तर चुलीपाशी जागा ठेवतात. वाईट वाटून घेऊ नकोस."

हैबतीला वाईट वाटलेच. त्याला दुसरे उत्तर हवे होते. पण विचारले होते त्यानेच. त्याने लुगडे तिच्या मांडीवर ठेवले, जखमेवर नवे फडके बांधून दिले आणि तो परतला.

चावडीत जाऊन त्याने सांगितले, "पाटील, माझ्या आईचा दाणा काढून टाका."

"मग ती वेशीच्या आत येणार नाही."

"नाही येणार. मी जात जाईन."

"आणि तिला काही झालं तर? तुला कळायचंही नाही."

"नाही कळायचं," हैबती म्हणाला. मग त्याने स्वतःचा हात पुढे करून आपलाही मणी काढून मागितला. कारागीर केव्हाच निघून गेला होता, म्हणून न्हाव्याने तो काढला. त्या दिवसापासून हैबतीही वेशीबाहेर, आईच्या रिकाम्या झोपडीत राहू लागला. माग वर नेला. बायको आणि पोरे त्याच्याबरोबर आली. गावातल्या आणखी दोन घरांनी मणी काढले आणि तीही वेशीबाहेर आली. बाकीच्यांनी ठेवले.

दर आठ दिवसांनी हैबती डोंगर ओलांडून आईकडे जाई. कधी ती असे, कधी नसे.

पुढच्या पावसाळ्यात एकदा तो गेला तेव्हा खोपटाचे दार लोटलेले होते. वस्तीवरचे लोक भट्टीवर गेले होते. विचारावे असे कुणी नव्हते. तो बाहेरच्या धोंड्यावर बसला. बघता बघता खोऱ्यात धुके भरले. समोरचे झाड दिसेना, पायवाट दिसेना. आई या पांढऱ्या रानात कुठे आहे, बसली आहे की पडली आहे, त्याला काही कळण्याचा मार्ग नव्हता. उठून ओरडत सुटावे असे वाटले. तरी तो बसून राहिला. सकाळ गेली, दुपार गेली.

मग धुक्यातून पावले वाजली. डोक्यावर मोळी, पदराला चिखल, अशी बयजाबाई पुढ्यात येऊन उभी राहिली.

"अगंबाई! केव्हाचा बसलायस रे?"

"आत्ताच आलो," हैबती म्हणाला आणि तिच्या डोक्यावरची मोळी उतरवून घेतली.

या गोष्टीचे तात्पर्य: माणूस कुठे आहे हे कळले म्हणजे त्याची काळजी घेतली असे होत नाही, आणि मायेपोटी पुढे केलेल्या हाताला कधी होकार समजू नये.