दुधीबरोबर बाहुली

फार जुन्या काळची गोष्ट. घाटात तेव्हा रस्ता नव्हता, नुसती पायवाट होती, आणि माल बैलांच्या पाठीवरून वर चढायचा. घाटाच्या माथ्यावर एक बाजारपेठ होती, आणि त्या पेठेत एक वाणी राहत होता. गूळ, धान्य, डाळी असा त्याचा व्यापार.

माणूस बोलायला गोड, पण फसायचा नाही. गुळाची ढेप समोर आली की इतर लोक रंग बघतात, वास घेतात. हा मात्र खडा तोडून जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि ऊस कुठल्या काठचा ते सांगायचा. एकदा राजाच्या कोठीवरच्या कारभाऱ्यानं त्याला विचारलं, "शेट, न चाखता कधी माल घेतलात का हो?"

"घेतला होता एकदा," वाणी म्हणाला. "अजून मुंग्यासुद्धा त्याला तोंड लावत नाहीत."

अशा या हुशार माणसाला घरात मात्र एक गिऱ्हाईक भारी पडलं होतं. ती त्याची मुलगी. गौरा तिचं नाव. दुधाचे दात पडायला लागले होते, एवढंच वय.

गौरा दोनच गोष्टी खायची. गूळ-तूप-पोळी आणि साखर घातलेला दूधभात. भाजी दिसली की ओठ असे मिटायची, की तिजोरीलाही तसं कुलूप लागत नसेल. भेंडी बुळबुळीत, मेथी कडू, दुधी पांढरा म्हणून नको आणि भोपळा तांबडा म्हणून नको. एकदा आईनं ताकातला चाकवत वाढला, तर वाटीत डोकावून म्हणाली, "हे आधी कुणी चावून ठेवलंय का गं?"

आई बिचारी काय करणार? मुलीसाठी वेगळा भात, नवऱ्यासाठी वेगळं तिखट कालवण आणि स्वतःसाठी उरलंसुरलं. दिवसभर चूल म्हणून विझायची नाही.

हे असंच चालत राहिलं असतं. पण एका थंडीत पेठेत तापाची साथ आली. बाकीची मुलं आठवड्याभरात अंगणात हुंदडायला लागली. गौरा होळीपर्यंत अंथरुणावरच होती. उठली तीही भिंत धरून.

वैद्यबुवांनी तिच्या डोळ्यांची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, आणि वाण्याला बाजूला घेतलं. "शेट, माझ्या बटव्यात हिच्यासाठी पुडी नाही. पालेभाज्या, कडधान्यं, शेंगा, हे पोटात जायला हवं. पोरीच्या अंगात रक्तच नाही. साथ काय, पुढच्या थंडीत पुन्हा येईल. तेव्हाही ही अशीच असली, तर..."

वैद्यबुवांनी वाक्य पुरं केलं नाही. पण त्या अर्ध्या वाक्यानं वाण्याचं काळीज हललं.

घरात येऊन तो बायकोला म्हणाला, "अगं, हे काम आता माझ्यावर सोपव. भलेभले अडेलतट्टू व्यापारी वठणीवर आणलेत मी. एवढीशी पोर ती काय!"

"बघा हं," ती म्हणाली. "पोर तुमचीच आहे."

दुसऱ्या दिवशी गौरा पाटावर बसली आणि वाणी तिच्यासमोर उकिडवा बसला. "गौराबाई, मेथीचा एक घास, त्याला एक बत्तासा. बोला!"

"आधी बत्तासा."

"आधी घास."

बरीच ओढाताण झाली आणि शेवटी दोन्ही एकदमच तोंडात गेलं. वाणी खूश झाला. सौदा जमला!

पण सौद्याचा एक स्वभाव असतो. एकदा भाव फुटला की तो खाली येत नाही. दोन दिवसांनी भोपळ्याची पाळी आली तेव्हा गौरानं मान हलवली. "भोपळा बत्ताशात नाही परवडत, बाबा." मग लाकडी बैल आला. भेंडीला बैलगाडी लागली. गवारीला लाखेच्या बांगड्या. घास लहान होत गेला आणि मोबदला मोठा होत गेला. शेवटी शेवटी तर चिमणीच्या चोचीत मावेल एवढी भाजी जिभेवर ठेवायची, डोळे घट्ट मिटायचे, आणि वर तांब्याभर पाणी. चावायचं नावच नाही.

घरात खेळणी वाढत होती आणि पोरगी वाळत होती.

पावसाळा सरला. अशात एक दिवस परमुलखातला एक व्यापारी हरभऱ्याच्या गोण्या घेऊन पेढीवर आला. गौरा तेव्हा बापाच्या शेजारी गादीवर बसून मापांशी खेळत होती.

"शेट, आपला नियम आहे," पाहुणा म्हणाला. "एक गोणी घ्या, तिच्यावर तांब्याची एक कळशी फुकट!"

वाणी हसला. त्यानं गोणीत कोपरापर्यंत हात घातला आणि तळातली मूठ वर काढली. वरचे दाणे टपोरे होते, तळातल्या दाण्यांना भोकं पडलेली.

"पाव्हणं, कळशी तुम्हालाच लखलाभ होवो," वाणी म्हणाला. "उन्हाचे आलात, ताक पिऊन जा."

पाहुणा ताक पिऊन गेला. गौरानं विचारलं, "बाबा, फुकट मिळत होती कळशी. का नाही घेतली?"

वाण्याला बरं वाटलं. पोर धंद्यातलं विचारतेय! तो म्हणाला, "बाळ, एक ध्यानात ठेव. चांगल्या मालाला लोक आपण होऊन पैसे मोजतात. मालाबरोबर कुणी वरून बक्षीस द्यायला लागलं, की खुशाल समजावं, माल किडका आहे."

गौरानं मान डोलावली. तिनं ते अगदी नीट ध्यानात ठेवलं.

त्याच संध्याकाळी घरात दुधीची भाजी होती. वाण्यानं जत्रेतून खास बाहुली आणवली होती. हिरवा परकर, नाकात मोत्याची नथ. ती पाठीमागून पुढे काढत तो म्हणाला, "गौराबाई, दुधीचा एकच घास, आणि ही तुमची!"

गौरानं बाहुलीकडे पाहिलं. मग दुधीकडे पाहिलं. मग बापाकडे.

"बाबा, दुधी किडका आहे?"

"छे गं! कोवळा लुसलुशीत आहे. सकाळीच वेलावरून काढलाय."

"मग बाहुली कशाला देताय?"

वाण्यानं बाहुलीची नथ उगाच सरळ केली.

"मेथीला बत्तासा दिला, भोपळ्याला बैल दिला," गौरा बोटांवर मोजत म्हणाली. "पोळीला कधीच काही देत नाही तुम्ही. दूधभातालाही नाही. म्हणजे पोळी चांगली, आणि भाज्या सगळ्या खराब. हो ना?"

आयुष्यभर बाजारात बसूनही वाण्याला इतकं सरळ कुणी पकडलं नव्हतं. बाहुली तशीच हातात राहिली. चुलीपाशी गौराच्या आईनं तोंडाला पदर लावला.

पण वाणी म्हणजे वाणी. एक दार बंद झालं की दुसऱ्याला टकटक करणार. दुसऱ्या दिवशी त्यानं भाजीच्या वाटीवर झाकण ठेवलं आणि उगाच आवाज चढवून म्हणाला, "ही भाजी फक्त मोठ्या माणसांची हं! अगदी थोडी उरलीय. कुणी मागू नका."

गौरा शांतपणे म्हणाली, "काल पेढीवर गूळ घ्यायला आलेल्या आजोबांनाही तुम्ही म्हणालात, शेवटचीच ढेप उरलीय. मागच्या खोलीत तर छपरापर्यंत लागल्यात."

आता मात्र गौराच्या आईला हसू आवरेना. हसता हसता ती खाली बसली, आणि बसल्या बसल्या तिचे डोळे भरून आले. गौरा खेळायला बाहेर गेली तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "हसतेय खरी, पण धास्ती वाटते मला. सकाळी धुकं पडायला लागलंय. शेजारणींनी गोधड्या उन्हात टाकल्या. थंडी दारात येऊन उभी राहिली, आणि तुम्ही अजून पोरीशी बाजार मांडून बसलाय."

"मग करू तरी काय? तूच सांग."

"आधी तुम्ही एक सांगा, आणि खरं सांगा. दुधी तुम्ही स्वतः शेवटचा कधी खाल्लात?"

वाणी उत्तर द्यायला गेला आणि थांबला. दुपारी तो पेढीवरच खायचा, आल्यागेल्या व्यापाऱ्यांबरोबर. शेव, भजी, पेढे. घरी आला की तिखट कालवण आणि भात. कुणी भाजी वाढलीच, तर ती ताटाच्या कडेला सारून ठेवायची.

"मला... मला पित्त होतं दुधीनं," तो पुटपुटला.

"दुधीनं पित्त झालेला माणूस जगात पहिल्यांदाच बघतेय मी," ती म्हणाली. मग तिचा आवाज मऊ झाला. "अहो, गुळाचा खडासुद्धा तुम्ही चाखल्याशिवाय घेत नाही. आणि जे आपण तोंडात घालत नाही, ते पोरीच्या गळी उतरवायला निघालात? तिनं तुम्हाला कधी भाजी खाताना बघितलंय? मला तरी कुठं बघितलंय? मी सगळ्यांचं आटोपल्यावर चुलीपाशी बसून खाते. पोर एकटी जेवते, आणि आपण दोघं तिच्या तोंडाकडे बघत बसतो. असं माझ्याकडे कुणी बघत बसलं, तर मलाही घास जायचा नाही."

वाणी हिशेबी माणूस होता, चूक दिसली की ती त्याला नाकारता येत नसे.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी त्यानं पेढीला फळी लावली. शेजारचा कापडवाला धावत आला. "शेट, काय झालं? कुणी गेलं का?"

"नाही रे बाबा. मी जेवायला घरी चाललोय."

घरी तीन पाट ओळीनं मांडले होते. मुगाच्या डाळीची खिचडी, दुधीची साधी भाजी, काकडीची कोशिंबीर आणि ताक. कुणासाठी वेगळं काही नाही. एकच रांधप, तीन ताटं. गौराला उपाशी उठायला लागू नये म्हणून खिचडीशेजारी पोळीचा एक तुकडा, एवढंच. वाण्याच्या हातात आज बत्तासा नव्हता.

त्यानं दुधीचा घास घेतला. गौरा टक लावून बघत होती.

"कसं लागतंय?"

'अमृत!' हा शब्द वाण्याच्या जिभेच्या टोकावर आला होता. इतकी वर्षं विकायची सवय! पण त्यानं तो गिळला. "खरं सांगू? पहिला घास पाणचट लागला. आता लिंबू पिळलंय, बरं लागतंय."

"मला नको."

"बरं," वाणी म्हणाला.

हा एक शब्द उच्चारायला त्याला फार कष्ट पडले. पुढे 'पण एकच घास' हे शब्द धावत येत होते. ते बाहेर पडू नयेत म्हणून त्यानं तोंडात खिचडीचा मोठा घास कोंबला.

त्या दिवशी गौरानं पोळी खाल्ली, खिचडीचे चार घास खाल्ले. दुधीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिघं मात्र रोज एकत्र जेवत होती, आणि ताटावर पेठेतल्या गमती निघत होत्या. कुणाचा बैल कुणाच्या दुकानात शिरला, कुणाच्या पागोट्यावर माकडानं हात टाकला.

गौराच्या आईची चूल आता दुपारीच थंड व्हायला लागली. तिला उसंत मिळाली. गौरा तिच्याजवळ बसून मेथी निवडू लागली, भोपळा किसू लागली. थालीपिठाला मधोमध बोटानं भोकं पाडायचं काम तर तिनं कुणालाच दिलं नाही.

"यात काय काय घातलंय?" तिनं एकदा विचारलं.

"ज्वारीचं पीठ, बेसन, मेथी आणि भोपळा," आई म्हणाली. "तूच तर किसलास." आईनं काही लपवलं नाही. गौरानं कड मोडून खाल्ली, मग मधला भाग खाल्ला. खमंग झालं होतं.

आणि एका दुपारी, वाणी बोलण्यात गुंग असताना, त्याच्या ताटातून दुधीची एक फोड नाहीशी झाली. वाण्याच्या भुवया वर गेल्या. बायकोनं डोळे वटारले. वाणी मुकाट्यानं आढ्याकडे बघत चावत राहिला. गौरानं फोड चावली, तोंड वाकडं केलं आणि अर्धी बाहेर काढून ठेवली.

"लिंबू जास्त झालंय," ती म्हणाली.

पेठभर साखर वाटावी, असं वाण्याला वाटलं. तो एवढंच म्हणाला, "हो का? उद्या कमी पिळू."

असंच हळूहळू होत गेलं. मुगाची धिरडी आवडली. पालक घातलेली डाळ चालली. चाकवत आधी नुसता हुंगला, मग चाटला, मग वाटी पुढे आली. कारलं मात्र तिनं कधीच खाल्लं नाही. वाण्यानंही नाही. तेवढी सूट घरानं दोघांनाही दिली. शेव-भज्यांनी होणारी वाण्याची छातीतली जळजळही या भानगडीत कुठे पळाली, त्याला कळलं नाही.

मग थंडी आली, आणि वैद्यबुवा म्हणाले होते तशी साथही आली. घराघरांत मुलं झोपली. गौराचंही अंग तापलं. वाणी पेढी बंद करून उशाशी बसून राहिला. वैद्यबुवा आले, त्यांनी पुन्हा तिची पापणी ओढून पाहिली. "ताप आहे. पण या खेपेला पोरीच्या अंगात झुंजायला बळ आहे. धीर धरा."

धीर धरणं व्यापाऱ्याला जमत नाही. पण त्यानं धरला.

एका सकाळी गौराच्या कपाळावर घाम फुटला. तिनं डोळे उघडले. "आई, कसला वास येतोय?"

"आमटी चढवलीय गं. शेवग्याच्या शेंगांची."

"मला भूक लागलीय."

आईनं मऊ भात कालवला. वाण्यानं आपलंही ताट आणून तिथंच अंथरुणाशेजारी ठेवलं. गौराची बोटं अजून थरथरत होती, तिला शेंग धरता येईना. "बाबा, सोलून द्या ना," ती म्हणाली. वाण्यानं शेंग उभी चिरली, आतला गर बोटानं काढून तिच्या ओठांशी धरला. तिनं तो चोखून खाल्ला आणि दुसऱ्या शेंगेसाठी हात पुढे केला. वाण्यानं उपरण्यानं डोळे पुसले आणि दुसरी शेंग हातात घेतली.

संक्रांतीला पेठेतली मुलं अंगणात धावत होती, तेव्हा गौरा त्यांच्या पुढे होती.

बापलेकीच्या या गोष्टीतून लहानथोरांना सांगायचं ते एवढंच: आमिषानं घास तोंडात जातो, पण गोडी लागते ती शेजारी बसून तेच अन्न आपणही खाल्ल्यानं.