लुकसच्या पायांवर पडलेले पाणी

बिशप अल्बान स्वामी आज देवाघरी आहेत. पण उंबरटेकच्या ख्रिस्ती वस्तीत कुणी कुणाला हिणवले, की म्हातारी माणसे अजून म्हणतात, "आज बिशपस्वामी हवे होते!" गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारच्या मिस्सेला म्हणजे चर्चमधल्या उपासनेला स्वामी त्या गावी आले होते, त्या संध्याकाळची ही कथा.

प्रभू येशूने बारा शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या दिवशी धर्मगुरू बाराजणांचे पाय धुतात. स्वामींनी आधीच निरोप धाडला होता, बाराजणांत लुकसला बसवा. तरुणपणी, साधे फादर असताना, सायकलवरून येऊन याच लुकसच्या जखमा त्यांनी आपल्या हातांनी धुतल्या होत्या. त्याचा महारोग केव्हाच बरा झाला; पण पायांची बोटे झडली आणि तळव्यांची जाण गेली ती गेलीच. परवा निखाऱ्यावर पाय पडला, तर कातडे जळल्याचा वास आधी त्याच्या बायकोला, सगुणाबाईला आला!

ही सगुणाबाई आज रागाने धुमसत होती. का धुमसू नये? धुवट धोतर नेसवून तिने नवऱ्याला आणले, तर चर्च कमिटीचे प्रमुख सायमनआण्णा दारातच आडवे आले.

"लुकस, तू इथंच बस. तुझ्या खुर्चीवर माझा मेहुणा बसलाय."

"स्वामींनी यांचं नाव सांगितलंय," सगुणाबाई म्हणाली.

"दया म्हणून सांगितलं असेल. बोटंच नाहीत, त्या पायांचं धुणार काय?"

आण्णा हसले. खुर्च्यांवरचे बाराही जण हसले. देवाच्या दारात, आणि तेही त्या दिवशी! लाज कशाशी खातात हे त्यांना ठाऊकच नव्हते.

"चल घरी," लुकस पुटपुटला.

"न्हाई जायचं. बसा हितंच. आज मी हलत न्हाई."

विधी सुरू झाला. स्वामी गुडघे टेकून एकेकाचे पाय धुऊ लागले. शेवटच्या खुर्चीपाशी मात्र ते थांबले. त्यांनी मेहुण्याकडे पाहिले, मग परातीत पाहिले. पाणी ओतले तसेच स्वच्छ! कसे नसेल? बिशपसमोर पाय मळके दिसू नयेत म्हणून सगळेच्या सगळे घरून साबणाने पाय घासून आले होते.

स्वामींनी परात दाणकन फरशीवर आपटली.

"धुतलेले पाय धुवायला बोलावलंत मला? नाटकच करायचं होतं तर चावडीवर करायचं! प्रभूच्या वेदीसमोर कशाला? आणि माझा लुकस कुठे आहे?"

तेव्हा दारातून सगुणाबाई कडाडली, "हितं हाय, स्वामी! चपलांपाशी बसवलंय यांना!"

स्वामी तांब्या-परात घेऊन तडक दाराशी गेले आणि चपला सारून धुळीत बसले. लुकसने पाय आखडले.

"नका, स्वामी. पानी पडलं काय न् न पडलं काय, मला कुठं कळतंय?"

"तुला नसेल कळत. ज्यानं पाय दिले त्याला कळतं," स्वामी म्हणाले. त्यांनी डोळे मिटून प्रभूला हाक मारली आणि तांब्या कलता केला.

लुकस एकदम दचकला.

"गार! सगुणे, गार लागतंय गं! पानी गार हाय!"

सगुणाबाईचा विश्वास बसेना. तिने पुढे होऊन त्याच्या तळव्याला करकचून चिमटा काढला. "आई गं!" तो ओरडला, आणि तिला रडूच कोसळले. धन्य प्रभूची करुणा! सारे चर्च उभे राहिले.

स्वामींचा राग अजून उतरला नव्हता. त्यांनी टॉवेल सायमनआण्णांपुढे धरला.

"पुसा."

आण्णा खाली बसले. त्यांनी ते थोटे पाय पुसले, आणि मग त्यांच्याने राहवेना. तिथेच चपलांमध्ये वाकून त्यांनी त्या पायांवर डोके ठेवले. "चुकलो रे लुकस, चुकलो!"

लुकसने गोंधळून खाली पाहिले.

"आण्णा," तो म्हणाला, "कपाळ किती ऊन हाय तुमचं! ताप भरलाय का?"