वस्तीच्या पुढे

त्या सकाळी रीला कमरेची दोरी सैल लागली. चालताना पाठीमागून जो एक जडपणा यायचा, तो आला नाही, एवढंच. री दचकली. पण दचकणं तिचं नेहमीचंच, म्हणून तिने ते मनावर घेतलं नाही आणि चालत राहिली.

शब्दांच्या त्या मुलखात थोरांना घरं होती. रीसारख्या चिमुकल्यांना फक्त जागा होती, कुणाच्या तरी पुढे. त्यांना अग्रचर म्हणत, व्याकरणाच्या भाषेत उपसर्ग. री पुढे बांधली की मागचा शब्द आपलं काम नव्याने करी. पडलेलं उभं राही, विझलेलं पेटे. तिचं कूळ ज्या प्राचीन नगरातलं, ते केव्हाच ओस पडलं होतं, पण तिच्या बहिणी शेजारच्या साऱ्या मुलखांत पांगल्या होत्या. कुठे त्यांना घशातून हाक मारत, कुठे नाकातून. काम एकच. थकवाही एकच.

अग्रचरांच्या पाठशाळेतला पहिला धडा मागे न पाहण्याचा. पुढची वळली की मागच्याचा पाय अडखळतो, असं तिथे शिकवत. रीने तो इतका मन लावून गिरवला होता की मागून येणाऱ्यांचे चेहरेसुद्धा तिला ठाऊक नव्हते. दोरीच्या ओढीवरूनच ती त्यांना ओळखी.

या खेपेला महालातल्या फर्मानाने तिला वस्तीच्या पुढे बांधलं होतं. नदीकाठचं गाव पाण्याखाली गेलं होतं आणि तिथले शब्द उघड्या माळावर बसून होते. “वस्तीला तिकडे घेऊन जा,” फर्मान म्हणालं होतं, “ढोल आम्ही वाजवतो.”

री माळावर पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. उंबरा आडवा पडला होता. गोठा गुडघ्यांत मान घालून बसला होता. चुलीची जीभ मात्र पुरातही विझली नव्हती.

“आलीस का बाई? मागे एकदा आली होतीस ना?”

“तेव्हा मी विचाराच्या पुढे होते,” री चाचरली. “तुमच्या गावाचा नव्याने विचार करायचा होता.”

“झाला का मग?”

रीने सैल दोरी कमरेशी सारखी केली.

“बरं, आता मागे कोण?”

“वस्ती.”

चूल हसली, पण त्या हसण्यात धग नव्हती. “उंबऱ्या, ऐकलंस का रे? हिच्या मागे वस्ती आहे म्हणे!”

“बाईसाहेब,” उंबरा पडल्या पडल्या म्हणाला, “येणारं-जाणारं पाहण्यात माझा जन्म गेला. तुमच्या मागून कोणी आलेलं नाही.”

धडा मोडून ती वळली. दोरीच्या टोकाला गाठ होती, अगदी शिस्तीत मारलेली. गाठीत कोणी नव्हतं. दूर ढोल तेवढा वाजत होता.

ती मटकन खाली बसली. विचार तरी होता का मागे? आणि त्याच्या आधी ज्याच्या पुढे बांधलं होतं, तो न्याय? परत गेलं तर फर्मान पुन्हा बांधेल, पुन्हा ढोल वाजेल. तिच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. इथून आपण रिकाम्या हाताने परतलो, तर या माळावर कुणी आपली वाट पाहणार नाही, हे तिला कळत होतं.

“वस्ती!” तिने हाक दिली. आजवर तिने कुणाला हाक मारलीच नव्हती. “वस्ती गं!”

माळ तसाच. गोठ्याने मानही वर केली नाही.

“ती कसली येतेय?” चूल म्हणाली. “तिला महालाच्या ओसरीवर बसवून ठेवलीय, पाहुण्यांना दाखवायला.”

री कशीबशी उठली. या वेळी तिने नाव घेतलं नाही.

“कोणी आहे का?” ती म्हणाली. “कोणीही. मागे नको, शेजारी उभं राहिलं तरी चालेल.”

वाऱ्याने थोडी धूळ उडाली.

“ओ,” चूल म्हणाली. वाकून तिने एक काळवंडलेला दगड दुसऱ्या दगडाशी नेऊन ठेवला. तिसरा उंबऱ्याने आपणहून पुढे लोटला.