टाकीकडे पाठ

एकदा एक विधुर गृहस्थ दिवंगत पत्नीची माशांची टाकी सांभाळत होता. तिने हौसेने वाढवलेले एंजल मासे, एवढीच काय ती त्या घरात हालचाल उरली होती. एके सकाळी ते मासे पाण्याच्या वर तोंड काढून तडफडू लागले.

घाबरून त्याने मोबाइलवरच्या मत्स्यप्रेमींच्या गटात फोटो टाकला. "मासे मरताहेत. काय करू? लवकर सांगा." कोणीतरी विचारले, "पाण्यात काही बदल केला होता का?" त्याने लिहिले, "काहीच केलं नाही."

मग फुकटच्या सल्ल्यांना ऊत आला. कोणी मीठ घालायला सांगितले, कोणी निळे औषध. बिचाऱ्याने सगळेच केले. संध्याकाळी एकच मासा उरला.

गटातले एक वृद्ध जाणकार त्याच शहरात राहत. गृहस्थाने गयावया केली म्हणून ते आले. पण टाकीकडे न पाहता खुर्ची फिरवून तिच्याकडे पाठ करून बसले.

"आता सांगा," ते म्हणाले.

गृहस्थ संतापला. "अहो, मासा तिकडे जीव सोडतोय आणि तुम्ही भिंतीकडे काय बघताय?"

"गटातल्या लोकांना तरी फोटोपलीकडे काय दिसत होतं? मासे चांगले होते, तिथपासून सांगा."

गृहस्थाची मान खाली गेली. "काल तिचं वर्षश्राद्ध होतं. टाकी हिरवट दिसत होती. पाहुणे म्हणाले असते, बायकोमागे हेळसांड केली. म्हणून परवा सगळं पाणी काढलं, गोटे घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून लख्ख केला."

वृद्ध ताडकन उठले. मोरीतल्या पिंपातल्या, क्लोरीन उडून गेलेल्या साठवणीच्या पाण्याने त्यांनी टाकीतले थोडे पाणी हळूहळू बदलले. हात पुसत ते म्हणाले, "पाणी निर्मळ राखणारे सूक्ष्म जीव त्या स्पंजात असतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मेले. हे सकाळीच का नाही लिहिलंत?"

"लिहिलं असतं, तर तिचे मासे मीच मारले असं झालं असतं." त्याला रडू कोसळले.

वृद्धांनी त्याला रडू दिले. मग ते म्हणाले, "आपण माशाचा फोटो पाठवतो आणि स्वतःचा हात लपवतो. नवख्याच्या हातून चूक होणारच, त्यात पाप नाही. पण आपण काय केलं ते गाळून विचारलं, तर समोरचा अंधारात औषध देतो. आणि ते मुकाट्याने प्यावं लागतं माशाला."

सकाळी तोही मासा गेला. गृहस्थाने त्याला पत्नीच्या अबोलीच्या कुंडीत पुरले आणि गटावर लिहिले, "मी स्पंज नळाखाली धुतला, सगळं पाणी एकदम बदललं, मग विचार न करता औषधं घातली. सगळे मासे गेले. पुन्हा पाळण्याआधी पाणी कसं तयार करू?"

पहिले उत्तर एका अनोळखी मुलीचे आले. "काका, माझे मासे आजारी आहेत. काय करू?"

रिकाम्या टाकीकडे पाठ करून गृहस्थ खुर्चीत बसला आणि त्याने लिहिले, "बाळ, घाबरू नकोस. तू काय काय केलंस, ते आधी सगळं सांग."