चिचू आत्याची लाल वायर

एक होतं गॅरेज. गॅरेजमागे होती मोडकी मोटार. मोटारीच्या सीटखाली राहायची चिचू चिचुंद्री.

चिचूच्या दादाला मुलगी झाली. गुलाबी गुलाबी, शेंगदाण्याएवढी! आज संध्याकाळी तिचं बारसं. नाव कोण ठेवणार? आत्या! आत्या कोण? चिचू!

पण चिचूचा आवाज केवढा? चिं! बस, एवढाच. नाव कुणाला ऐकू जाणार?

मग चिचूने काय केलं? मोडक्या मोटारीतले दोन स्पीकर काढले. रेडिओ काढला. बॅटरी ओढून आणली. हुश्श! चहाची रिकामी पेटी आणली. पेटीला गोल भोक पाडलं. मोठा स्पीकर बसवला. खटक्! छोट्या स्पीकरमध्ये आपण बोलायचं, मोठ्यातून मोठ्ठं ऐकू येणार. पेटीची पाठ तेवढी उघडी राहिली. आणि लाल वायर जोडायची राहिली.

फड फड फड! कावळा आला. वायर उचलली. चिंचेवर गेला. घरट्यात खोचली.

चिचू ओरडली, "ए! माझी वायर दे!"

"नाही देत, उंदरे! घरट्याला काटक्या नाहीत. चिंचेला सांग, काटक्या पाड. मग देतो."

"मी उंदीर नाही! मी चिचुंद्री आहे!"

नाक लाल. शेपूट ताठ. तुरु तुरु तुरु! चिचू गेली चिंचेकडे.

"चिंचे, चिंचे, काटक्या पाड!
कावळा वायर देईना,
भाचीचं बारसं होईना!"

चिंच म्हणाली, "वाराच नाही, तर पाडू कशी? हवेच्या पंपाला सांग, हवा मार. मग पाडते."

नाक लाल. शेपूट ताठ. तुरु तुरु तुरु! चिचू गेली पंपाकडे.

"पंपा, पंपा, हवा मार!
चिंच काटक्या पाडीना,
कावळा वायर देईना,
भाचीचं बारसं होईना!"

पंप म्हणाला, "माझा पट्टा निसटलाय. हणमंतमामाला सांग, पट्टा बसव. मग मारतो."

नाक लाल. शेपूट ताठ. तुरु तुरु तुरु! चिचू गेली हणमंतमामाकडे. मामा गॅरेजचा मिस्त्री. पाना कानामागे, पाय बाकावर.

"मामा, मामा, पट्टा बसव!
पंप हवा मारीना,
चिंच काटक्या पाडीना,
कावळा वायर देईना,
भाचीचं बारसं होईना!"

मामा म्हणाला, "चहाशिवाय माझा हात चालत नाही, बघ. यमुनाक्काला सांग, चहा टाक. मग बसवतो."

"सगळ्यांचं आपलं 'मग'! 'मग' म्हणजे कधी?"

नाक लाल. शेपूट ताठ. तुरु तुरु तुरु! चिचू गेली यमुनाक्काच्या टपरीवर.

"अक्का, अक्का, चहा टाक!
मामा पट्टा बसवीना,
पंप हवा मारीना,
चिंच काटक्या पाडीना,
कावळा वायर देईना,
भाचीचं बारसं होईना!"

"अगो बाई, उंदीर!" यमुनाक्का स्टुलावर चढली.

"उंदीर नाही! चिचुंद्री!"

"बरं बाई, चिचुंद्री. पण दूध कुठाय? आमची म्हैस सकाळपासून पान्हा चोरतेय. तिला सांग, दूध दे. मग टाकते."

नाक लाल लाल. शेपूट ताठ ताठ. तुरु तुरु तुरु! चिचू गेली म्हशीकडे.

"म्हशी, म्हशी, दूध दे!
अक्का चहा टाकीना,
मामा पट्टा बसवीना,
पंप हवा मारीना,
चिंच काटक्या पाडीना,
कावळा वायर देईना,
भाचीचं बारसं होईना!"

म्हैस म्हणाली, "काय पुटपुटतेस? काही ऐकू येत नाही. मोठ्याने गाणं म्हण. मग देते."

गाणं? आत्ता? चिचू रागाने थरथर कापली. तुरु तुरु तुरु, घरी आली. समोर तीच मुकी पेटी! चिचूने पेटीला लाथ मारली.

धुम्म!

चिचू दचकली. आणखी एक लाथ मारली.

धुम्म!

"अस्सं होय?" चिचू उघड्या पाठीतून आत शिरली. होता नव्हता तेवढा राग गोळा केला. आणि ओरडली,

"म्हैस दूध देईना,
अक्का चहा टाकीना,
मामा पट्टा बसवीना,
पंप हवा मारीना,
चिंच काटक्या पाडीना,
कावळा वायर देईना,
भाचीचं बारसं होईना!"

पेटी घुमली. धुम्म धुम्म धुम्म! गॅरेज घुमलं. म्हशीने कान टवकारले.

"वा, चिचुंद्रीबाई! काय झणझणीत गाणं!"

म्हशीने दूध दिलं. चुर्र चुर्र!
अक्काने चहा टाकला. रट रट!
मामा चहा प्यायला. फुर्र फुर्र! मग त्याने पट्टा बसवला. खटक्!
पंपाने हवा मारली. फुस्स!
चिंचेने काटक्या पाडल्या. पट पट पट!
कावळ्याने वायर आणून दिली.

"घे बाई! एवढ्याशा वायरीसाठी केवढा आरडाओरडा!"

"एवढीशी असो नाहीतर केवढीही असो! माझी होती ती!"

चिचूने वायर जोडली. पेटीची पाठ बंद केली. टक टक टक! संध्याकाळ झाली. सगळे बारशाला आले. आत्याने भाचीला मांडीवर घेतलं, छोट्या स्पीकरशी तोंड नेलं.

"कुर्र्र!"

पेटीतून आलं, "कुर्र्र्र्र्र!" मामाच्या कानामागचा पाना पडला. खण्ण!

"हिचं नाव गुंजी!"

गुंजी जागी झाली. नाक लाल. शेपूट ताठ. ती स्पीकरमध्येच ओरडली,

"चींऽऽऽ!"

कावळा चिंचेवरून खाली पडता पडता राहिला.

यमुनाक्का हसली. "अगदी आत्यावर गेलीय गं!"

राग राहिला पेटीत,
आपली गोष्ट मिठीत!